अतिक्रमण: या शब्दात मुळात वाईट काहीच नाही

नागपुरात अतिक्रमण म्हटलं की सगळ्यांना एकच गोष्ट दिसते, मनपाची गाडी, मागे जेसीबी, अन् सीताबर्डीच्या मेन रोडवर पसारा गुंडाळून गल्लीत शिरणारे ठेलेवाले. "अतिक्रमणवाले आले बे" एवढं एक जण ओरडला की झालं. गंमत बघा, अतिक्रमण काढायला जे येतात त्यांनाच आपण अतिक्रमणवाले म्हणतो. पेपरातही हा शब्द येतो तो नाल्यावरचं अतिक्रमण, फुटपाथवरचं अतिक्रमण, झुडपी जंगलावरचं अतिक्रमण असाच, म्हणून आपल्याला वाटतं हा सातबारा अन् नकाशावाल्यांचा शब्द आहे, तहसीलमध्ये जन्मला अन् तिथेच मोठा झाला. तसं नाहीये. हाच शब्द बौद्धांच्या धम्मपदात दुःखाच्या पलीकडे जाण्यासाठी आलाय, ऋग्वेदात देवांनाही ओलांडता न येणाऱ्या रस्त्याबद्दल बोलताना आलाय, अन् संस्कृतचं व्याकरण रचणाऱ्या पाणिनीने तर तो थेट आपल्या सूत्रात घेतलाय. माझं म्हणणं एवढंच की हा शब्द फक्त "रेघ ओलांडली" असं सांगतो. रेघ कोणी मारली होती, अन् ओलांडली ते बरं झालं का वाईट, हे तो सांगत नाही, ते आपण बाहेरून चिकटवतो.

आता फोड करू. अति म्हणजे पलीकडे, हद्दीच्या बाहेर. क्रमण म्हणजे चालणं, पाऊल टाकणं, धातू क्रम्. म्हणजे अतिक्रमण = पलीकडे पाऊल टाकणं. बस. यात ना जमीन आहे, ना टिनाचं शेड, ना ओटा.

पण हा क्रम् धातू एकदा लक्षात आला की मग तो सगळीकडे दिसायला लागतो. क्रम म्हणजे आधी पाऊल, मग एकामागे एक पावलं, म्हणून क्रम म्हणजे ओळ, नंबर, त्यातून क्रमांक अन् अनुक्रमणिका. परिक्रमा म्हणजे गोल फिरून चालणं. आक्रमण म्हणजे अंगावर चालून जाणं. संक्रमण म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाणं, सूर्य मकर राशीत जातो ती संक्रांत, अन् आपल्याकडे कोणावर संकट आलं की "त्याच्यावर संक्रांत आली" म्हणतात, म्हणजे सूर्य बिचारा नुसता पुढच्या राशीत गेला अन् आपण त्याचा अर्थ कुठे नेऊन ठेवला. क्रांती पण त्यातलीच. ज्योतिषात अन् खगोलात सूर्याच्या वार्षिक वाटेला क्रांतिवृत्त म्हणतात, तिथे झेंडा नाही, घोषणा नाही, फक्त चालणं आहे, राजकारणातली क्रांती त्याच्या खूप नंतरची.

विक्रम हा तर आपला लाडका शब्द. वि + क्रम, लांब ढांग टाकणं. मराठीत आता विक्रम म्हणजे रेकॉर्ड. २०१७ मध्ये जामठ्याच्या स्टेडियमवर अश्विनने श्रीलंकेविरुद्ध आपल्या ५४ व्या कसोटीत ३०० वी विकेट घेतली, डेनिस लिलीला त्यासाठी ५६ कसोट्या लागल्या होत्या, तर आपण म्हटलं विक्रम मोडला. खरं म्हणजे लिलीने मारलेली रेघ अश्विनने ओलांडली, शब्दशः बघितलं तर हे अतिक्रमणच झालं, पण तसं कोणी लिहिलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. म्हणजे धातू तोच, पाऊल तेच, उपसर्ग बदलला अन् एकाला टाळ्या, दुसऱ्याला नोटीस.

याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्या रामटेकला आहे. गडावर वाकाटकांच्या काळातली देवळं आहेत, दोन नरसिंहांची, एक वराहाचं, ती लोकांना माहीत असतात, पण तिथे त्रिविक्रमाचं पण ठिकाण आहे, मूर्ती आता बरीच भंगलेली आहे अन् जास्त लोक तिकडे फिरकत नाहीत. पाचव्या शतकातलं काम. त्रिविक्रम म्हणजे तीन ढांगा टाकणारा विष्णू. ऋग्वेदातच आहे, "इदं विष्णुर्वि चक्रमे त्रेधा नि दधे पदम्", विष्णूने हे सगळं पायाखाली घातलं, तीनदा पाऊल ठेवलं. यातलं "वि चक्रमे" म्हणजेच विक्रम. तिथे बळी नाही, वामन नाही, ती गोष्ट पुढे वाढत गेली. पुराणातली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, बटू वामन येतो, तीन पावलं जमीन मागतो, बळी हो म्हणतो, अन् मग तो बटू एवढा वाढतो की दोन पावलांत पृथ्वी अन् आकाश संपतं, तिसरं पाऊल बळीच्या डोक्यावर.

आता ही गोष्ट देवळातून ऐकली तर विक्रम. पण आपल्याकडे शेतकऱ्याला बळीराजा म्हणतात, दिवाळीत बायका ओवाळताना "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणतात, म्हणजे महाराष्ट्रातल्या घराघरात दुसऱ्या बाजूचं पण कोणीतरी बोलून राहिलं आहे. बळीच्या बाजूने बघा, तीन पावलं जमीन दिली अन् मोजणी झाली तेव्हा सगळा सातबाराच गेला. एकाच पावलाला कोणी विक्रम म्हणतं, कोणाला ते अतिक्रमण वाटतं, अन् दोघंही खोटं बोलत नाहीत. मी इथे देवावर केस टाकत नाहीये, फक्त शब्द कसा चालतो ते सांगून राहिलो.

जाता जाता, कालिदासाच्या मेघदूतात ढग वर चढताना आडवा लांबतो तेव्हा त्याला बळीला दाबायला उचललेल्या विष्णूच्या सावळ्या पायाची उपमा दिली आहे. अन् त्या काव्याची सुरुवात ज्या रामगिरीवर होते तो म्हणजे आपलं रामटेक, असं नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हिरिरीने मांडलं होतं.

बरं, विक्रम झाला, मूळ शब्दाकडे येऊ. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १०५ व्या सूक्तात एक ओळ आहे, आदित्यांचा आकाशात जो मार्ग आहे त्याबद्दल, "न स देवा अतिक्रमे", म्हणजे देवांनो, तो ओलांडायचा नाही. बघा, आजच्या अर्थाच्या किती जवळ आहे, एक ठरलेली वाट अन् ती मोडायची नाही. पण त्याच ऋग्वेदात दहाव्या मंडलात पुरुषसूक्त आहे, तिथे अतिचा वेगळाच रंग. तो हजार डोक्यांचा पुरुष सगळी पृथ्वी चहूकडून व्यापतो अन् मग "अत्यतिष्ठद् दशाङ्गुलम्", तरीही दहा बोटं पलीकडे उरतो. सगळं जग भरून दहा बोटं शिल्लक. परमेश्वर जगाच्या पलीकडे आहे हे सांगायला कोटी कोस वगैरे नाही, दहा बोटं! मला ही ओळ फार आवडते, कारण पलीकडे असणं म्हणजे लांब असणं नव्हे हे त्यात किती सहज येऊन जातं.

अन् मग पाणिनी. अष्टाध्यायीत सूत्र आहे, "अतिरतिक्रमणे च". म्हणजे अति हा शब्द अतिक्रमणाच्या अर्थाने येतो, आणि "च", आणखी एका अर्थाने पण येतो. तो आणखी एक अर्थ कोणता ते आधीच्या सूत्रातून घ्यायचा, पाणिनीची ती स्टाईल आहे, शब्द वाचवायचे. आधीच्या सूत्रात आहे पूजा, म्हणजे कौतुक, वाखाणणी. म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकातच लिहिलंय की अतिचे दोन चेहरे आहेत, एक हद्द ओलांडण्याचा, एक वाहवा करण्याचा. काशिका नावाची या सूत्रांवरची जुनी टीका आहे, म्हणजे अर्थ उलगडणारं पुस्तक, तिने तर व्याख्याच देऊन टाकली, वस्तू पूर्ण झाल्यावरही काम चालूच ठेवणं म्हणजे अतिक्रमण. याहून चांगली व्याख्या मला तरी कुठल्या जीआरमध्ये दिसली नाही. तिथलं उदाहरण पाणी शिंपण्याचं आहे, "अतिसिक्तम्". एका अर्थी, भाऊ किती पाणी टाकशील, झाडाला झालं आता. दुसऱ्या अर्थी, वा, काय मस्त पाणी घातलंस. शब्द एकच, म्हणणाऱ्याचा सूर बघायचा.

मराठीत आपण हा दुसरा चेहरा जवळजवळ पुसून टाकला. आपल्या म्हणी बघा, अति तेथे माती, अति केलं अन् मसणात गेलं, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. अतिच्या बाजूने बोलणारी एक म्हण सापडत नाही. रोजच्या बोलण्यात तर नुसता "अति" हाच शेरा झालाय, "लय अति करून राहिला तो", अन् कॉलेजातली पोट्टी त्याच्या जागी "ओव्हर" म्हणतात, "ओव्हर नको करू बे". अतिरेक, अत्याचार, अतिसार, सगळी वाईट मंडळी. यातला अत्याचार म्हणजे मुळात नुसतं अति + आचार, रीत सोडून वागणं, आज तो किती भयंकर शब्द झाला. अतिवृष्टीला तर सरकारने आकडाच दिलाय, महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस पडला तर अतिवृष्टी, त्याच्यावर मग पंचनामे अन् मदत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्यांनी हा शब्द घरात घुसलेला पाहिला, तेव्हा काही तासांतच १०० मिमीच्या वर पाऊस झाला होता. अन् मग त्याच आठवड्यात सगळीकडे चर्चा नाग नदीच्या पात्रातल्या अतिक्रमणाची, म्हणजे पाण्याने हद्द ओलांडली कारण माणसाने आधी त्याची ओलांडली होती. (अतिथी मात्र यात घेऊ नका, तो अति + काहीतरी नाहीये, दिसतो तसा फक्त.)

तरी काही शब्दांमध्ये चांगला अर्थ जिवंत राहिला. अतिशय, अत्यंत हे तर आपण बिनधास्त वापरतो, अत्यंत म्हणजे अंताच्या पलीकडे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. अन् सगळ्यात मोठा मान मिळाला तो अतीतला. अति + इत, पलीकडे गेलेला. गीतेच्या चौदाव्या अध्यायात अर्जुन विचारतो की तीन गुणांच्या पलीकडे गेलेला माणूस ओळखायचा कसा, तो वागतो कसा, अन् उत्तराच्या शेवटी येतं "गुणातीतः स उच्यते". मान-अपमान सारखा, मित्र-शत्रू सारखा, दगड अन् सोनं सारखं. म्हणजे अतीत गेला अध्यात्मात अन् अतिक्रमण गेलं अतिक्रमण विभागात, अर्थ दोघांचा मुळात एकच होता, पलीकडे जाणं.

पालीत, म्हणजे बौद्ध ग्रंथांच्या भाषेत, मात्र अशी वाटणी झालेली नव्हती, अन् नागपुरात राहून हे माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, दरवर्षी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, पुस्तकांच्या स्टॉलवर धम्मपद हमखास मिळतं. त्यातली १९१ वी गाथा उघडा. त्यात चार आर्यसत्यं एका श्वासात सांगितली आहेत, "दुक्खं दुक्खसमुप्पादं दुक्खस्स च अतिक्कमं". पालीत संस्कृतचा क्र बहुतेक वेळा क्क होतो, चक्रचं चक्क, विक्रमचं विक्कम, तसं अतिक्रमचं अतिक्कम. म्हणजे दुःख, दुःख कुठून उगवतं ते, अन् दुःखाचं अतिक्रमण! पुढे चौथं, त्यासाठीचा अष्टांगिक मार्ग. तिसऱ्या आर्यसत्याला बहुतेक ठिकाणी निरोध म्हणतात, पण इथे अतिक्कम आहे. निरोध म्हटलं की काहीतरी थांबवलं, बंद केलं असं वाटतं. अतिक्कम म्हटलं की माणूस चालतो आहे, अन् दुःखाची हद्द कुठेतरी संपते अन् तो ती पार करतो. सतिपट्ठान सुत्तात पण सुरुवातीलाच आहे, हा मार्ग कशासाठी, तर "सोकपरिदेवानं समतिक्कमाय", शोक अन् आक्रोश पूर्णपणे पार करण्यासाठी. विपश्यना शिबिराला जाऊन आलेल्यांनी हे शब्द ऐकलेले असतात, फक्त त्याचा आपल्या फुटपाथवरच्या शब्दाशी काही संबंध असेल असं कोणाच्या डोक्यात येत नाही.

युरोपात काय झालं ते पण थोडक्यात सांगतो. इंग्रजीत सामान्य मर्यादेच्या वर जाण्याला ट्रान्सेंड म्हणतात. लॅटिनमध्ये ट्रान्स म्हणजे पलीकडे, अन् स्कान्देरे म्हणजे चढणं. हद्द मोडून गुन्हा केला तर ट्रान्सग्रेस, त्यात ग्रादी म्हणजे पाऊल टाकणं, अगदी आपलं क्रमण. अन् दुसऱ्याच्या जागेत घुसलं तर ट्रेसपास, त्यातही तेच ट्रान्स, फक्त फ्रेंचमधून येताना झिजलेलं. म्हणजे त्यांनी एकाच कल्पनेचे तीन शब्द करून तीन खात्यांत वाटून दिले, एक चर्च अन् तत्त्वज्ञानाला, एक पापाला, एक कोर्टाला. पण खरी मजा त्या स्कान्देरेत आहे, कारण तो आपल्या स्कन्द् धातूचा सख्खा नातेवाईक आहे, स्कन्द् म्हणजे उडी मारणं. अन् ऋग्वेदात मरुतांबद्दल, म्हणजे वादळाच्या देवांबद्दल, लिहिलंय "अति ष्कन्दन्ति शर्वरीः", ते रात्रींवरून उडी मारून पलीकडे जातात, उधळलेल्या बैलांसारखे. अति + स्कन्द् म्हणजे भाग न् भाग जुळवला तर ट्रान्सेंडच. ट्रान्सेंडला मराठी शब्द काय म्हणून लोक डोकं खाजवतात, तो तिथे केव्हाचा पडून आहे, कोणी उचलला नाही.

आपल्याकडे हद्द ओलांडण्याचा सण पण आहे, सीमोल्लंघन. दसऱ्याला गावाच्या शिवेबाहेर जायचं, आपट्याचं सोनं घेऊन परत यायचं. पाऊस संपला, नद्या उतरल्या, वाटा मोकळ्या झाल्या की मराठ्यांच्या फौजा मोहिमेवर निघायच्या तो हा मोसम. नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा बंगालपर्यंत गेल्या, अन् १७५१ च्या तहात ओडिशा नागपूरच्या हाताखाली आलं. इथल्या वाड्यात ते सीमोल्लंघन होतं, बंगालच्या लोकांनी मात्र बर्गी, म्हणजे हेच मराठा घोडेस्वार, येतात म्हणून पोरांना झोपवायची अंगाईगीतं केली, ती अजून तिकडे म्हणतात. शीव तीच, कोण कुठल्या बाजूला उभा आहे त्याच्यावर सगळं. सीमोल्लंघनातलं लंघन म्हणजे उडी, अन् पोट बिघडल्यावर आपण लंघन करतो ते पण तेच, धातूचं नातं लघुशी, म्हणजे हलकं, हलका झालेला माणूसच उडी मारणार.

आता परत सरकारी कागदावर येऊ, कारण रेघ कोणाची हा प्रश्न सगळ्यात उघडा तिथेच पडतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ५०, सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण काढून टाकायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना. अन् लगेच पुढचं कलम ५१, तेच अतिक्रमण नियमानुकूल करायची सोय. शेजारी शेजारी. म्हणजे एका झोपडीत तोच माणूस, त्याच चार भिंती, अन् जागेचा पट्टा हातात पडला की तो अतिक्रमणधारक न राहता मालक होतो. नागपुरात पट्टेवाटप हा काय विषय आहे हे इथल्या कुठल्याही वस्तीत विचारा. २०१४ चा पथविक्रेता कायदा पण असाच, शहरात पथविक्रेत्यांची समिती असावी, त्यात किमान ४० टक्के स्वतः पथविक्रेतेच असावेत, सर्व्हे व्हावा, प्रमाणपत्र द्यावं, अन् सर्व्हे होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत आहे त्या विक्रेत्याला उठवू नये असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे या कायद्याने बघितलं तर ठेला फुटपाथवर आहे एवढ्यावरून अतिक्रमण ठरत नाही, आधी शहराने आपलं काम केलं का ते बघावं लागतं. हे वाचल्यावर मला तरी जेसीबी आला म्हणून लगेच टाळ्या वाजवता येत नाहीत, अन् दुसरीकडे ज्या म्हाताऱ्या बाईला फुटपाथच नाही म्हणून रोडवरून चालावं लागतं तिची पण बाजू आहेच.

कायदा फक्त पडलेलं पाऊल बघतो. जैन लोकांनी मात्र ते पाऊल पडायच्या आधीपासून मोजलंय. व्रत मोडण्याचे त्यांनी चार टप्पे केले, अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार, अनाचार. नुसतं मनात आलं की मर्यादा मोडावी, तो अतिक्रम. त्या दिशेने निघाला, तो व्यतिक्रम. थोडी मोडली, तो अतिचार. पूर्ण मोडली, तो अनाचार. म्हणजे आपल्याकडे ज्या शब्दावर जेसीबी येतो तो त्यांच्याकडे सगळ्यात खालचा, अजून घडायचाच असलेला गुन्हा. अन् त्यावर उपाय पण त्याच क्रम् धातूतून काढलाय, प्रतिक्रमण, म्हणजे टाकलेलं पाऊल मागे घेणं. ते रोज सकाळ-संध्याकाळ करायचं असतं, अन् पर्युषणात संवत्सरीचं मोठं प्रतिक्रमण, त्यानंतर इतवारीतल्या दुकानांमधून अन् व्हॉट्सॲपवर सगळीकडे ते "मिच्छामि दुक्कडं", म्हणजे चुकलं असेल तर माफ करा, सुरू होतं.